‘म’चा ‘य’

एका कात्रणापासून आरंभ करतो. ते कात्रण आमच्या संग्रही नाही. ज्या गृहस्थांविषयीचे ते होते, त्यांनी ते आम्हांस एकदा दाखविले आणि पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवून दिले. गोष्ट पस्तीसएक वर्षांपूर्वीची. हे गृहस्थ केंद्र सरकारच्या सेवेत दिल्लीस होते. खात्यातील एका खरेदीची चौकशी झाली, तिचे पडसाद संसदेतील प्रश्नोत्तरांत उमटले, आणि दोन वर्षांनी निष्कर्ष बाहेर आला. त्यात या गृहस्थांवर कसलाही ठपका नव्हता. त्यांच्या जिल्ह्यातील एका दैनिकाने हे वृत्त आपुलकीने, नावागावासह, पहिल्या पानावर दिले. चौकशीअंती ते ‘दोषमुक्त’ ठरले, असे वाक्य असावयास हवे होते. छापून आले ते ‘दोषयुक्त’.

बातमीदाराने हाती लिहून पाठविलेल्या मजकुरातील ‘म’ हा जुळाऱ्यास ‘य’ दिसला असेल. ते समजण्यासारखे आहे. पण जुळाऱ्याच्या मागे मुद्रिते तपासणारा असतो, त्याच्या मागे उपसंपादक असतो, आणि पहिल्या पानाचा मजकूर असल्यामुळे वृत्तसंपादकही असतो. यांपैकी एकानेही ते वाक्य अर्थ लावून वाचले असते, तर ‘कोणताही ठपका न ठेवता दोषयुक्त ठरविले’ ही विसंगती त्याच्या डोळ्यांत खुपली असती. म्हणजे चूक एकाची झाली आणि वाचन कोणाचेच झाले नाही. पाचव्या दिवशी आतल्या पानावर, लिलावाच्या जाहिरातीखाली, दोन ओळींचा खुलासा आला. तोपर्यंत गावात जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. वडील निवृत्त शिक्षक. त्यांचे पोस्टकार्ड दिल्लीस आले: वर्तमानपत्र वाचले, खरे काय ते कळवावे. एवढाच मजकूर.

मराठी माणसास एका अक्षराची महती नव्याने सांगावयास नको. ‘ध’चा ‘मा’ हा तर आपल्या भाषेतला रुळलेला वाक्प्रचार. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही आख्यायिका खरी की मागाहून रचलेली, हा वाद इतिहाससंशोधकांचा आहे. आमच्यापुरते महत्त्व एवढेच की, एका राज्याच्या दुर्दैवाचे खापर लोकांनी एका अक्षरावर फोडले आणि ती समजूत भाषेत कायमची राहिली. तेथे निदान हेतू तरी होता. वृत्तपत्रांतील अक्षरबदलास हेतू नसतो. तो हेळसांडीतून होतो, आणि हेळसांडीस कोणी रामशास्त्री लाभत नाही.

उलट आपण ती हसण्यावारी नेतो. छापील चुकीस आपण ‘मुद्राराक्षसाचा विनोद’ म्हणतो आणि मासिकांतून तसल्या चुकांची चौकटही चवीने वाचतो. शब्द मोठा मार्मिक आहे, पण तो ज्या नाटकावरून आला ते विनोदी नाही. विशाखदत्ताच्या नाटकात अमात्य राक्षसाच्या मुद्रेने मोहोरबंद झालेले एक बनावट पत्र मलयकेतूच्या हाती पडते. मुद्रा खरी आहे एवढ्यावरून तो मजकूरही खरा मानतो, मित्रराजांचा वध करवितो आणि निष्ठावंत अमात्यास दूर लोटतो. छापलेल्या अक्षराचा अधिकारही याच जातीचा आहे. ज्यावर मुद्रा उमटली ते खरेच असणार, असे वाचक गृहीत धरतो. या विश्वासाची जबाबदारी छापणाऱ्यावर येते, ती विनोदाने फिटत नाही.

राजकीय वृत्ताच्या बाबतीत ही जबाबदारी दुणावते. पाककृतीत चमच्याऐवजी वाटी छापली गेली तर एक भाजी खारट होते, आणि चूक त्याच दिवशी जिभेस कळते. सभागृहात काय घडले, कोणता ठराव कोणी मांडला, कोणावर आरोप झाला आणि कोणावर तो शाबीत झाला, हे पडताळून पाहण्याचे साधन सामान्य वाचकापाशी नसते. आपल्यासारख्यांची अवस्था आणखी अवघड आहे. पूर्वी पुण्या-मुंबईची दैनिके करोलबागेत वा पहाडगंजात टपालाने दोन-तीन दिवसांनी पोचत. आता ती भ्रमणध्वनीवर भल्या सकाळी दिसतात. परंतु महाराष्ट्राच्या राजकारणाशी आपला संबंध तेव्हाही छापील शब्दापुरता होता, आजही बहुतांशी तेवढाच आहे. गावातल्या माणसास बातमी चुकली तर पारावर कळते. दिल्लीत बसलेल्यास कळत नाही. तो चुकीच्या बातमीवर मत बनवितो आणि तेच सुटीत गावी जाऊन सांगतो.

मराठी पत्रकारितेस काटेकोरपणाची परंपराच नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, ते मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी देणारे. दोन भाषा समोरासमोर असल्या म्हणजे एकीतील ढिलाई दुसरी उघडी पाडते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती जितकी सुंदर खिळ्यांची, तितकीच निर्दोष छपाईची. काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे पंडित तेथे ग्रंथांचे संपादन आणि शोधन करीत. मुद्रिते तपासणे हे अल्पशिक्षिताचे पोटापुरते काम नसून व्युत्पन्न माणसाचे काम आहे, असा त्या छापखान्याचा दंडक होता.

आणि शब्दाचा नेमका अर्थ हा केवढ्या मोलाचा विषय असतो, हे तर मराठी राजकीय पत्रकारितेने न्यायालयात अनुभवले आहे. ‘केसरी’तील १२ मे १९०८ च्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. मूळ मराठी वाचून निर्णय द्यावा अशी त्यांची स्थिती नव्हती, त्यांच्यापुढे होते ते इंग्रजी भाषांतर. टिळकांनी आपला बचाव स्वतः चालविला आणि त्यातील मोठा भाग या भाषांतरावर खर्च केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी शब्दाशब्दावर घेतली. मराठीत या शब्दाची छटा कोणती, इंग्रजीत योजलेला शब्द ती किती बिघडवितो, हे ते दाखवीत राहिले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाची कारणे भाषेपलीकडची होती, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या भाषेतील एका संपादकाने शब्दाच्या छटेसाठी उच्च न्यायालयात असा झगडा दिला, त्या भाषेतील वृत्तपत्रांनी शब्द वाटेल तसा वापरावा, ही गोष्ट शोचनीय आहे.

आज दिसणाऱ्या दोषांची आम्ही ढोबळमानाने चार प्रकारांत विभागणी करतो. पहिला अक्षराचा. ‘महाराष्ट्र दिन’ याचा ‘महाराष्ट्र दीन’ दरवर्षी कोठे ना कोठे होतो आणि दिवसाऐवजी दारिद्र्याचा सोहळा साजरा होतो. ‘सहमत’ आणि ‘असहमत’, ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांमध्ये एकेका अक्षराचे अंतर आहे, आणि ते अक्षर गळले तर मंत्र्याचे धोरणच उलटे होते. मराठीची ही रचना सुंदर असली तरी बेसावध माणसास ती दया दाखवीत नाही.

दुसरा दोष नावांचा. दिल्लीतील हिंदी पत्रांनी आपल्या यशवंतराव चव्हाणांचे ‘चह्वाण’ केले आणि फडणवीसांचे ‘फड़नवीस’, याचा आपल्याला राग येतो. पण मल्लिकार्जुन खर्गे यांचे नाव मराठी पत्रांत कधी ‘खर्गे’, कधी ‘खरगे’, आणि हिंदीवरून उतरविले असेल तर ‘खडगे’ असे येते. बिहारचे नीतीशकुमार एकाच पानावर दोन प्रकारांनी ऱ्हस्व-दीर्घ होतात. अमुक माणसाचे नाव आपल्या पत्रात अमुकच प्रकारे छापावयाचे, अशी एक वही प्रत्येक कार्यालयात असावी, एवढ्याने हा दोष जवळजवळ संपेल. त्या वहीस पैसे लागत नाहीत.

तिसरा दोष आकड्यांचा. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुरातील ‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी आणि ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख, हे ज्याच्या जिभेवर नाही, त्याने अर्थसंकल्पाच्या रात्री मेजावर बसू नये. एका शून्याने योजना दहापट होते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर अग्रलेखही येतो. निवडणुकीच्या विश्लेषणात तर टक्क्यांचा घोळ नित्याचाच. एखाद्या पक्षाच्या मतांचा वाटा ४० टक्क्यांवरून ४४ वर गेला, तर ती वाढ चार टक्क्यांची की दहा टक्क्यांची? वाट्यातील फरक चार टक्केबिंदूंचा आहे, पण मूळ वाट्याच्या मानाने वाढ दहा टक्के आहे. यांपैकी आपण काय सांगत आहोत, हे लेखकाने स्वतःस विचारलेले नसते.

चौथा दोष संज्ञांचा, आणि आमच्या मते तो सर्वांत घातक. अक्षर चुकले तर जाणत्या वाचकास संशय तरी येतो. चुकीची संज्ञा मात्र व्याकरणशुद्ध असते, डौलदार असते, आणि म्हणूनच ती निर्वेधपणे डोक्यात शिरते. सभागृहाची बैठक ‘तहकूब’ होते ती अध्यक्षांच्या आदेशाने, अधिवेशन ‘संस्थगित’ होते ते राष्ट्रपतींच्या वा राज्यपालांच्या आदेशाने, आणि लोकसभा वा विधानसभा ‘विसर्जित’ होते तेव्हा तिचे आयुष्यच संपते. या तीन भिन्न घटना असूनही एकाच बातमीत त्या एकमेकींच्या जागी येतात. विधेयक संसदेत मांडले जाताच मथळ्यात ‘कायदा’ होतो. लेखानुदान म्हणजे काही महिन्यांच्या खर्चास आगाऊ मंजुरी, अंतरिम अर्थसंकल्प म्हणजे जमा-खर्चाचे विवरण. पण निवडणुकीच्या वर्षी हे दोन्ही शब्द पर्यायवाचक म्हणून फिरतात. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री त्याच्या इंग्रजी पदनामातील ‘सेक्रेटरी’ या शब्दामुळे ‘परराष्ट्र सचिव’ बनतो आणि आपल्या परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्याच्या पंक्तीस येऊन बसतो.

‘विश्वासदर्शक’ आणि ‘अविश्वासदर्शक’ यांचेच उदाहरण घ्या. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, ते स्वतः पंतप्रधानांनी मांडलेल्या विश्वासदर्शक प्रस्तावावर. आठवणी लिहिताना मात्र ‘अविश्वास ठरावावर सरकार पडले’ असे सर्रास लिहिले जाते. अविश्वासाचा प्रस्ताव विरोधी पक्ष आणतो. असा पहिला प्रस्ताव लोकसभेत ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध आणला होता, आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारविरुद्ध तो आणणारे विरोधी पक्षनेते होते आपले यशवंतराव चव्हाण. मोरारजींनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. एका प्रस्तावात सरकार आपले बहुमत सिद्ध करू पाहते, दुसऱ्यात विरोधक ते नाकारू पाहतात. पुढाकार कोणाचा आणि आव्हान कोणाचे, हा राजकारणातला मध्यवर्ती प्रश्नच एका ‘अ’मुळे उलटा होतो.

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात जे सत्तांतर घडले, त्या वेळच्या बातम्याही याच दृष्टीने पाहाव्यात. दोन-तृतीयांश आमदार वेगळे झाले की ते अपात्रतेपासून सुरक्षित, हे वाक्य त्या दिवसांत आम्ही किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत पूर्वी ‘फुटी’स संरक्षण होते, तेही एक-तृतीयांश सदस्यांचे. २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती तरतूदच काढून टाकण्यात आली. राहिली ती ‘विलीनीकरणा’ची तरतूद, आणि दोन-तृतीयांशांचा आकडा आहे तो तिच्यासाठी. फूट आणि विलीनीकरण हे वेगळे शब्द आहेत, आणि सारा कायदेशीर वाद त्या वेगळेपणावरच उभा होता. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ‘फुटी’चा बचाव आता उपलब्ध नाही हे नमूद केले. कोणाची बाजू न्याय्य होती, हा आमचा विषय नाही. परंतु ज्या महिन्यात लोक हा प्रश्न समजून घेऊ पाहत होते, त्याच महिन्यात त्यांच्या हाती चुकीचा शब्द देण्यात आला, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

यापेक्षाही गंभीर गोष्ट न्यायालयीन संज्ञांची. गुन्हा नोंदविला जाणे, आरोपपत्र दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि दोष सिद्ध होणे, या चार पायऱ्या आहेत, आणि पहिलीपासून चौथीपर्यंत पोचण्यास कित्येकदा दहा-दहा वर्षे लागतात. मथळ्यात मात्र पहिल्याच दिवशी चौथी पायरी गाठली जाते. राजकारणातला माणूस एक वेळ ते सहन करील. त्याच्यापाशी अनुयायी असतात आणि प्रत्युत्तरासाठी व्यासपीठ असते. त्याच बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ज्याचे नाव येते, त्या कनिष्ठ अधिकाऱ्यापाशी यांपैकी काही नसते. सेवानियमांमुळे त्यास वृत्तपत्रांत जाऊन बोलताही येत नाही.

तपासून न घेतलेला शब्द कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण याच नगरीत घडलेले आहे. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण निवर्तल्याचे वृत्त पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेस सांगितले. सभागृहाने शोक व्यक्त केला, आकाशवाणीनेही वृत्त दिले. जयप्रकाशजी त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते आणि जिवंत होते. त्यांचे निधन झाले ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, पाटण्यास. म्हणजे आपल्यावरील शोकप्रस्तावानंतर ते साडेसहा महिने जगले. ही चूक छापखान्यातली नव्हती, हे खरे. पण तिचा धडा छापखान्यासही लागू आहे. वृत्त मोठ्या माणसाकडून आले म्हणून ते तपासावयाचे नाही, ही समजूतच सर्वांत धोक्याची. मुंबईस एक दूरध्वनी लावण्याइतके काम होते, ते कोणाचेच नव्हते.

मग हे काम आता कोणाचे राहिले आहे? येथे कायद्याचा एक दाखला देणे आवश्यक आहे, आणि तो आपल्या वाचकांस रुचेल. १९५२ साली नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष मुंबईचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष होते. १९५४ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि १९५५ मध्ये संसदेने श्रमिक पत्रकारांचा कायदा केला. त्या कायद्याने ‘श्रमिक पत्रकार’ कोण, हे सांगताना संपादक, अग्रलेखक, वृत्तसंपादक, उपसंपादक, बातमीदार यांच्याच यादीत मुद्रितशोधकाचे नाव घातले. छापखान्यातील कामगार म्हणून नव्हे, पत्रकार म्हणून! यादीत तो शेवटी आहे, परंतु आहे. पुढे २०२० च्या कामगार संहितांत हा कायदा सामावून घेण्यात आला. दरम्यानच्या काळात कायद्यातले ते पद बहुतेक वृत्तपत्र-कार्यालयांतून नाहीसे होऊन गेले होते.

ते का गेले, हे समजण्यास कठीण नाही. खिळे गेले, संगणक आला. बातमीदार स्वतःच मजकूर टंकित करू लागला, तेव्हा जुळाऱ्याचे काम संपले. जुळाऱ्याच्या चुका काढण्यासाठी असलेला माणूसही मग व्यवस्थापकास अनावश्यक वाटू लागला. हा हिशेब वरवर बिनतोड आहे, पण त्यात एक गोष्ट सुटली. मुद्रितशोधक केवळ जुळाऱ्याच्या चुका काढीत नव्हता. बातमी लिहिणाऱ्याहून वेगळ्या डोळ्यांनी ती छपाईपूर्वी वाचणारा तो शेवटचा माणूस होता. तो एका अर्थी पहिला वाचकच होता, आणि आपल्यासारख्या उरलेल्या वाचकांच्या वतीने तेथे बसलेला होता. त्याची खुर्ची काढली, तेव्हा आपलीच खुर्ची त्या कार्यालयातून निघाली. स्वतः लिहिलेले स्वतःच तपासणे किती अवघड, हे ज्याने आपल्याच मसुद्याची स्वच्छ प्रत पाचव्यांदा वाचताना तीच चूक पाचव्यांदा नजरेआड केली आहे, त्या प्रत्येक अधिकाऱ्यास ठाऊक आहे. सरकारी कामात टिपणी एकाने लिहावी आणि दुसऱ्याने पाहावी, ही रीत उगाच पडलेली नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ही शुद्धलेखनाची जुनी सोवळेगिरी आहे. मूठभरांच्या बोलीस प्रमाण ठरवावयाचे आणि ‘न’ व ‘ण’ यांवरून इतरांस हिणवावयाचे, हा उद्योग महाराष्ट्राने पुष्कळ पाहिला. या आक्षेपातील वेदना आम्हांस मान्य आहे. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या बातमीदाराच्या लेखणीत त्याच्या मातीचा शब्द उतरला, तर तो दोष नव्हे, ते भाषेचे धन आहे. १९६२ साली शासनाने मान्य केलेले लेखननियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली भर, यांनीही मराठीचे लेखन सोपेच केले. आमची तक्रार त्या बातमीदाराविरुद्ध नाहीच. बोलीतला शब्द वाचकास फसवीत नाही. ‘दोषमुक्त’चा ‘दोषयुक्त’ आणि ‘आरोपी’चा ‘दोषी’ त्यास फसवितात. शिवाय अशा चुकीचा फटका प्रतिष्ठितांपेक्षा दुबळ्यांस अधिक बसतो, कारण खुलासा छापून आणण्याचे बळ त्यांच्यापाशी नसते. तेव्हा काटेकोरपणा ही वरच्यांची चैन आहे, असे कोणी समजू नये. खालच्यांस त्याची गरज जास्त आहे.

दुसरा आक्षेप घाईचा. रात्री बाराला निकाल येतो, साडेबाराला पान सोडावयाचे असते, तीन माणसांचे काम एक उपसंपादक करतो. हा आक्षेप खरा आहे, आणि त्या उपसंपादकाविषयी आम्हांस सहानुभूतीच आहे. घाईने थोरामोठ्यांचीही फजिती केली आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केल्याचा मथळा छापला आणि निवडून आलेल्या ट्रुमननी तो अंक हसत हसत उंच धरून दाखविला. त्या वेळी त्या पत्रात जुळाऱ्यांचा संप चालू होता, म्हणून अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईस द्यावा लागला आणि निकालापूर्वीच अंदाजाचा मथळा झाला. म्हणजे घाईमागे माणसे कमी असणे हे कारण होते. आजही तेच आहे. फरक इतकाच की तेथे संपामुळे माणसे नव्हती, येथे ती काटकसरीने काढली गेली. रंगीत पुरवण्यांस पैसा आहे आणि मुद्रितशोधकास नाही, ही मालकांची निवड आहे. तिचे खापर घड्याळावर फोडता येणार नाही.

उपायांचा विचार करताना आम्ही अशक्य गोष्टी मागत नाही. चुका होणारच. प्रश्न आहे तो चूक मान्य करण्याचा. लंडनच्या ‘गार्डियन’ची मुद्रणदोषांबद्दल इतकी ख्याती होती की, ‘प्रायव्हेट आय’ या उपहासपत्राने त्याचे नावच अक्षरांची उलटापालट करून ‘ग्राउनियाड’ असे ठेवले. त्याच पत्राने १९९७ साली वाचकांच्या वतीने तक्रारी पाहणारा स्वतंत्र संपादक नेमला आणि दुरुस्त्या रोज ठरल्या जागी छापण्यास आरंभ केला. आपल्याकडे ‘हिंदू’ने २००६ साली तसा वाचक-संपादक नेमला. दिल्लीस कचेरी असलेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही, चूक आढळताच वृत्तपत्राने ती आपण होऊन, तत्परतेने आणि योग्य ठळकपणे दुरुस्त करावी, असे सांगितलेले आहे. मराठी दैनिकांनी एवढेच करावे: दुरुस्तीस रोजची एक जागा द्यावी, आणि पहिल्या पानावर केलेली चूक पहिल्या पानावरच सुधारावी. चूक ठळक अक्षरांत आणि खुलासा लिलावाच्या जाहिरातीखाली, हा न्याय नव्हे.

आपल्याकडेही बोट दाखविणे प्राप्त आहे. सरकारी प्रसिद्धिपत्रके लिहितो कोण? इंग्रजी मसुद्याचे ओळीओळीने केलेले, क्रियापद कोठे आहे याचा शोध घ्यावयास लावणारे मराठी आपल्याच कचेऱ्यांतून बाहेर पडते, आणि तेच मध्यरात्री थकलेल्या उपसंपादकाच्या मेजावर जाते. त्याने ‘संस्थगित’चे ‘स्थगित’ केले, तर अर्धा दोष आपला. दुसरे असे की, आपल्यापैकी ज्यांना विधेयक आणि कायदा यांतला भेद पाठ आहे, ते बातमी वाचून चहाच्या टेबलावर हसतात आणि अंक बाजूस ठेवतात. त्यांनी संपादकास चार ओळींचे पत्र लिहिले तर काय होईल? सेवानियम संज्ञेची दुरुस्ती सुचविण्यास आड येत नाहीत.

मराठीचा दिल्लीतील मान मोठा आहे. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा येथेच संमेलन झाले. या गोष्टींचा आम्हांस अभिमान आहे. परंतु भाषेचा दर्जा शासननिर्णयाने मिळाला तरी तो राखावा लागतो रोज सकाळी, दोन-पाच रुपयांच्या कागदावर, आणि तेथे तो राखणारा माणूस आज नेमलेला नाही.

त्या गृहस्थांच्या पाकिटातील कात्रण पाच दिवसांनी आलेल्या खुलाशाचे असेल, असा आमचा समज होता. ते मूळ बातमीचे निघाले. वडिलांनी पुत्राचे उत्तर आल्यावर आपल्या घरच्या अंकातून ते कापून ठेवले होते आणि त्यांच्या पश्चात कागदपत्रांत ते मिळाले. ‘दोषयुक्त’ या शब्दातील ‘य’ लाल शाईने खोडलेला होता आणि वर, मास्तरांच्या वळणदार अक्षरांत, ‘म’ लिहिलेला होता. समासात, वहीतल्या चुकीपुढे करतात तशी, एक छोटी आडवी रेघ होती.